कथाकथनात गावचीही गोष्ट असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की आपल्या सीमाभागात संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा... ग्रंथदिंडी निघते, सीमाप्रश्नाचा ठराव होतो. तो व्हायलाच हवा. १९४६ साली माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरलेल्या संमेलनातच संयुक्त महाराष्ट्राची मागणी झाली होती. माझी तक्रार आहे ती कथाकथनाबद्दल. बाहेरगावचे पाहुणे येतात, जेवणानंतर तासभर हसवतात आणि गाडी गाठतात. गावातल्या कुणी उठून स्वतःची गोष्ट वाचली, असं मी तरी क्वचितच पाहिलं.

मी निवृत्त शिक्षिका. पहिली गोष्ट लिहिली ती साठी उलटल्यावर, आईवर. आई निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात जर्दा, भिजवलेलं पान पत्र्यावर ठेवून कात्रीनं कापायचं, वळायचं, दोरा गुंडाळायचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. माझ्या वह्यांनाही त्या जर्द्याचा वास यायचा, म्हणून मी त्या मैत्रिणींना देत नसे.

गोष्टीत मी आधी आईला मुनशीशी, म्हणजे पानं देऊन विड्या मोजून घेणाऱ्या कारकुनाशी, कडाकडा भांडायला लावलं. वाचायला झकास वाटलं, पण ती आई माझी नव्हती. माझी आई सूप उचलून गप घरी यायची. मग ती गप का बसायची? तिथं माझं पेन अडलं. शेवटी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "पानं कमीच घालायचा की गं तो. विड्या मात्र पुऱ्या मोजून घ्यायचा. वरची पानं तुझी आई पदरच्या पैशानं घ्यायची. भांडली असती तर दुसऱ्या दिवशी पान कुणी दिलं असतं?"

हे कळल्यावर गोष्टीतल्या बाईचा आठवड्याचा हिशेब मांडावाच लागला. मजुरीतून पानाचे पैसे वजा, टाकून दिलेल्या विड्या वजा. उरलेल्या पैशात रंगपेटी बसत नव्हती. सातवीत आईनं मला रंगपेटी घेतली नाही, हा राग मी चाळीस वर्षं सांभाळला होता. नुसती आठवण काढताना हा हिशेब कधी केला नव्हता. गोष्टीत तो केल्याशिवाय पुढचं वाक्यच येईना.

ही गोष्ट एका स्मरणिकेत छापून आली, तेव्हा मावशीच्या तोंडची भाषा 'शुद्ध' करून टाकली होती. त्यावर वेगळं पत्र लिहीन.

आयोजकांना विनंती एवढीच, की पाहुण्यांच्या आधी अर्धा तास गावातल्या दोघा-तिघांना द्या. शेतकरी, विणकर, विड्या वळणाऱ्या बाया. वाचताना अडखळले तरी चालेल.

छापलेली गोष्ट मावशीला वाचून दाखवली. तिनं डोळे मिटून सगळी ऐकली आणि म्हणाली, "पत्र्याचा एक कोपरा मोडका होता, ते राहिलं की गं."

आपली,
एक वाचक, निपाणी