रजा मंजूर झालीये

ती. बाबा आणि आई,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाणेरहून नारायण पेठेत पत्र म्हटल्यावर बाबा म्हणणारच, "रविवारी येतेसच की, पोस्टाचं तिकीट कशाला वाया घालवलं?" पण रविवारी हा विषय काढला की आईचे डोळे भरणार, तुम्ही बातम्यांचा आवाज वाढवणार आणि मी पोहे खाऊन, डबा घेऊन, काही न बोलता परत येणार. म्हणून लिहितेय. चष्मा लावून सावकाश वाचा. पूर्ण वाचून होईपर्यंत फोन करायचा नाही.

तर, येत्या एक तारखेपासून मी तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेतलीये. घेऊ का असं विचारत नाहीये, मंजूर झालीये. नोकरी गेलेली नाही. कुणाशी भांडण नाही, तुमच्या जावयांशी तर नाहीच. उलट त्यांनीच अर्ज भरताना शेजारी बसून माझ्याकडून 'सबमिट' दाबून घेतलं. आजार म्हणाल तर तोही नाही. रक्त, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह सगळं तपासलं, सगळं ठीक आलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, "झोपता किती?" मी बोटांवर मोजायला लागले, तशी त्यांनी उत्तराची वाट न बघता लिहायला घेतलं.

काय होत होतं ते सांगते, म्हणजे उगाच भलतंसलतं मनात आणणार नाही. आपल्याकडे जेवणाची ताटं मांडली जातात तेव्हा अमेरिकेत ऑफिसं उघडतात. हिंजवडीचा दिवस संपवून घरी यायचं, चिऊला झोपवायचं आणि लॅपटॉप उघडून दुसरा दिवस सुरू करायचा. मध्यंतरी एकदा आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मी ऑफिसच्या मजल्याचं बटण दाबलं. दार उघडलं तर समोर कुणाचं तरी चपलांचं स्टँड, त्यावर तुळशीची कुंडी, आणि आपण नक्की कुठे आलोय हेच मला कळेना. ते सोडा, विसराळूपणा आपल्या घराण्यातच आहे. पण टीममधला एक मुलगा येऊन सांगत होता की वडिलांना आयसीयूत हलवलंय, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? आता याची शिफ्ट कोण करणार! तोंडाने मी नीट बोलले, लगेच निघ म्हटलं. पण आत जे आलं ते आलंच. आई, तुझ्या घरात असं कुणी वाढलेलं नाही. त्याच आठवड्यात अर्ज केला.

बाबा, तुम्हाला आकड्याशिवाय पटत नाही, म्हणून हा परिच्छेद खास तुमच्यासाठी. आईने गाळला तरी चालेल. याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली आणि तो रोग नसून कामाच्या सततच्या ताणातून येणारी अवस्था आहे असं स्पष्ट म्हटलं. माणूस पार गळून जातो, कामाबद्दल मनात कडवटपणा येतो आणि हातून धड काम होत नाही. माझ्याकडे तिन्ही होतं. शिवाय याच संघटनेने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबरोबर २०२१ मध्ये मांडलेला हिशेब असा आहे: आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्क्यांनी जास्त. ५५ म्हणजे पाच दिवस रोजचे अकरा तास. माझे शनिवार न धरताच तेवढे व्हायचे.

"आम्ही काय कमी राबलो?" हे तुमच्या तोंडावर आलेलं मला इथून ऐकू येतंय. राबलात, कोण नाही म्हणतंय? पण जूनमध्ये आप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसायची, पालक याद्या घेऊन पायरीवर उभे असायचे, आणि तरी तुम्ही एकच्या ठोक्याला शटर ओढायचात. वह्यांच्या खोक्याचा पुठ्ठा, त्याला सुतळी, त्यावर आईच्या अक्षरात 'दुपारी १ ते ४ बंद'. कुणी कुरकुरलं तर "पुस्तकं कुठे पळून जातायत?" आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवायचं हे तर शॉप अ‍ॅक्टनेच सांगितलेलं. चितळ्यांनी २०१७ मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तेव्हा तुम्ही पेपरची घडी घालून "संपलं पुणं" म्हणालात, आणि आम्ही दिवसभर हसलो. आता हसू येत नाही. तुमचं शटर तुमच्या हातात होतं. माझ्या कामाला शटरच नाही, म्हणून अर्ज करून तीन महिन्यांचं मागून घ्यावं लागलं, इतकंच.

शाळा सकाळची असताना मी घरी आले की तुम्ही आडवे झालेले असायचात. मी दप्तरासकट शेजारी घुसायचे. तुमचा हात थोपटता थोपटता थांबायचा, मी "बाबा, थांबलात" म्हणायचे, की झोपेतच आणखी दोन थापट्या मिळायच्या. तशी झोप हवीये मला, बाकी काही नको.

पण बाबा, एक ते चार आई काय करायची? राग मानू नका, तुम्हाला बोल लावत नाहीये. तेव्हा सगळ्याच घरांत तसंच होतं. तुम्ही उठायच्या आत गहू निवडून व्हायचे, उधारीची वही लिहून व्हायची, साडेतीनला चहाचं आधण असायचं. "जरा पाठ टेकते" म्हणून ती कॉटवर बसायची आणि बसल्या बसल्या भाजी निवडायची. तुमचा आराम व्हावा म्हणून मला "हळू बोल" सांगणारीही तीच. माझ्यात हे तिचंच आलंय बहुतेक, रिकामं बसलं की गुन्हा केल्यासारखं वाटणं. आणि आई, परवा मंडईत तुला चक्कर आली हे मला शेजारच्या काकूंकडून कळावं? "ऊन होतं" हे उत्तर मला नकोय.

म्हणून दुसरं एक ठरवलंय, तेही विचारून नाही. सोमवारपासून अकरा वाजता पोळ्यांची बाई येईल. महिन्याचे पैसे तिला दिलेत, त्यामुळे परत पाठवलंस तर पैसे बुडतील. दोन माणसांच्या पोळ्यांना बाई कशाला, तिच्या पोळ्या जाड असतात, कणीक घट्ट मळते, हे सगळं मला माहीत आहे. जाड तर जाड. आमटी तुझीच राहू दे, तिला कुणी हात लावणार नाही.

पैशांची काळजी करू नका. फ्लॅटचे हप्ते जातील एवढी रक्कम वेगळी काढून ठेवलीये. तुमचा मेडिक्लेम चालूच राहणार, एचआरकडून तसं लेखी मागून घेतलंय. बाबांच्या गोळ्या नेहमीच्या दुकानातून घरपोच येतील, सिलिंडर मीच बुक करेन. रविवारी येणंही चालू राहील, उलट जास्त वेळ थांबेन. बाकी मी कुठे हिमालयात वगैरे जात नाहीये. सकाळी बाणेर टेकडी, दुपारी झोप, संध्याकाळी चिऊ. एवढाच बेत आहे आणि त्यात कुणी भर घालायची नाही. "घरी आहेस तर जरा" असं म्हणून बँकेची कामं, मावशीच्या नातवाचा बायोडेटा, कपाट आवरणं, काहीही चालणार नाही. पहिला महिना तर नाहीच.

आता सूचना. आईने गुडघ्याचा पट्टा घालायचा, कपाटात ठेवायचा नाही. मंडईची पिशवी बाबांनी उचलायची. जेवण झालं की दोघांनीही आडवं व्हायचं, आणि साडेतीनचा चहा बाबांनी करायचा. येतो तुम्हाला, आई माहेरी जायची तेव्हा करायचात की. साखर कमी. दृष्ट काढायची नाही, नवस बोलायचा नाही. डिंकाचे लाडू मात्र केलेत तर पाठवा, त्याला माझी ना नाही.

कट्ट्यावर कुणी विचारलं तर "लेक रजेवर आहे" एवढंच सांगा, पुढचा खुलासा देऊ नका.

तुमची,
मनू

ता. क. दादाला तुम्ही सांगू नका. तो तिकडून लगेच पैसे पाठवायला लागेल. मीच सांगते त्याला शनिवारी.