माडगूळकर संपले, आता काय?

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "माडगूळकर संपले, आता वाचायला काही उरलं नाही." मोबाईलवर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' शोधली की खाली ग्रामीण कादंबऱ्यांची रांग लागते. त्यातल्या दोन मीच तुम्हाला पाठवल्या होत्या आणि दोन्ही तुम्ही अर्ध्यावर टाकल्यात. मला त्याचं नवल वाटलं नाही. गाव, भांडण, पाटील, निवडणूक यांत तुम्हाला कधी रस होता? 'बनगरवाडी' काढून बसलात की तुम्ही मेंढरांची, माळाची, पावसाची वाट बघण्याची पानं पुन्हा पुन्हा वाचता. फारसं काही घडत नाही, नुसतं बघणं चाललेलं असतं, ती पानं. म्हणजे पुढचं पुस्तक गावाच्या नाही, रानाच्या वाटेनं शोधायला हवं.

ती वाट माडगूळकरांनीच दाखवून ठेवली आहे. ते नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिले आणि त्यावर 'नागझिरा' लिहिलं. ते तुमच्या कपाटात नाही, मी पाहिलंय. त्यांचंच 'सत्तांतर' मात्र आहे, पण "माकडांची गोष्ट काय वाचायची" म्हणून तुम्ही उघडलेलं नाही. वानरांच्या टोळ्यांमधल्या सत्तेच्या झगड्याची ती छोटी कादंबरी आहे. 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिलाच मिळाला. आधी तीच घ्या, दोन दुपारींत संपेल.

मग मारुती चितमपल्ली. मूळचे सोलापूरचे, वनखात्यात नोकरी, बरीच वर्षं नवेगावबांधला, म्हणजे नागझिऱ्याच्या शेजारीच. 'रानवाटा' पाठवते आहे. त्यांची भाषा माडगूळकरांइतकी कसलेली नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पहिल्या दहा पानांत तुमची कुरकुर सुरू होईल. पण पाखरू घरटं कसं बांधतं, हे तासन्‌तास बसून पाहिलेल्या माणसानं सांगितलेलं आहे. आवडलं तर त्यांचं आत्मचरित्र 'चकवाचांदण' आहेच. ते मात्र चांगलंच जाडजूड आहे, छातीवर ठेवून वाचू नका.

आई, तुझं काम सोपं वाटलं होतं, पण जास्त वेळ त्यातच गेला. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आवडतं म्हटलं की सगळे महाभारतावरच्या कादंबऱ्या पुढे करतात. त्यातल्या भरजरी भाषेला तू नाक मुरडतेस. तुला इरावतीबाईंचं उलटतपासणी घेणं आवडतं. विदुर आणि धर्मराज हे बापलेक असावेत, असं त्या एकेक पुरावा मांडत नेतात, तो भाग तू मला मोठ्यानं वाचून दाखवला होतास.

इथे बंगळुरूत ऑफिसातल्या एका कानडी मैत्रिणीला हे सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, "मग 'पर्व' दे." एस. एल. भैरप्पांची महाभारतावरचीच कन्नड कादंबरी, मराठीत उमा कुलकर्णींनी आणलेली. शाप, वरदान, चमत्कार सगळे बाजूला काढून माणसं उरतात ती यात आहेत. सुरुवात म्हाताऱ्या शल्यापासून होते. तेवढं एक प्रकरण वाच. तिथे रमली नाहीस तर पुढे रेटू नकोस, पुस्तक खूप मोठं आहे.

रमलीस तर मात्र वाचनालयात लेखकाच्या नावाआधी अनुवादकाचं नाव विचार. उमाताईंनी कन्नडमधून इतकं आणलंय की तुझी दोन वर्षं सहज निघतील. भैरप्पांचंच 'वंशवृक्ष' त्यांनी केलंय. उमाताईंचं आत्मकथन 'संवादु अनुवादु' तर तुला कादंबऱ्यांहूनही आवडेल, असा माझा अंदाज आहे, कारण तुला लिखाणाच्या स्वयंपाकघरातल्या गोष्टी ऐकायला आवडतात. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड वाचायचे आणि उमाताई मराठीत लिहायच्या, असं त्या घरात चालायचं.

पुस्तकं कुरिअरनं येतील. बाबा, खोकं सुरीनं उघडू नका, मागच्या वेळी मुखपृष्ठच कापलं गेलं होतं. आणि एखादं सोडून दिलंत तर कुठल्या पानावर सोडलं, तेवढं कळवा. पुढचं शोधायला मला तेच लागेल.

तुमची,
लेक