पहिला स्कोप घेण्याआधी

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. रिमफायर सिल्हूटसाठी, म्हणजे .२२ च्या लहान काडतुसाने प्राण्यापक्ष्यांच्या लोखंडी आकृत्या पाडायच्या खेळासाठी, रायफल ठरली, आता तिच्यावर बसवायचा स्कोप (नेमाची दुर्बीण) तेवढा ठरायचा आहे, असे तू लिहिलेस आणि सोबत तीन स्कोपची माहितीपत्रके पाठवलीस. ती मी दोनदा वाचली. तिन्ही पत्रकांत सर्वांत ठळक छापलेला आकडा वर्धनाचा, म्हणजे लक्ष्य किती पट मोठे दिसते त्याचा, आहे, आणि तुझी पसंतीही त्याच आकड्याकडे झुकते आहे, असे तुझ्या लिहिण्यावरून दिसते. म्हणून घाईने होकार न कळवता हे सविस्तर उत्तर लिहीत आहे.

आधी खेळाकडे पाहा, म्हणजे स्कोपकडून नेमके काय हवे ते आपोआप कळेल. मेक्सिकोत सुरू झालेल्या मोठ्या रायफलींच्या सिल्हूट स्पर्धेत कोंबडी २००, रानडुक्कर ३००, टर्की ३८५ आणि मेंढा ५०० मीटरवर असतो. आपल्या .२२ रिमफायरसाठी ही अंतरे आणि लोखंडी आकृत्यांची मापे दोन्ही पाचव्या हिश्श्यावर आणली आहेत, म्हणजे अंतरे ४०, ६०, ७७ आणि १०० मीटर होतात. उभे राहून, पट्ट्याचा किंवा कशाचाही आधार न घेता, एका ओळीतील पाच आकृत्या डावीकडून उजवीकडे अडीच मिनिटांत पाच गोळ्यांनी पाडायच्या असतात. आकृतीला गोळी नुसती लागून भागत नाही, ती खाली पडावी लागते. तेव्हा तुझ्या स्कोपला एकाच दिवसात चार वेगवेगळ्या अंतरांवर काम करायचे आहे, प्रत्येक अंतरासाठी त्याच्या नेमाची उंची बदलली जाणार आहे, आणि तो ज्या रायफलवर आहे ती सतत हलणार आहे, कारण ती धरणारे माणूस उभे आहे.

वर्धनाबद्दल मी माझ्या अनुभवाने सांगते. पहिला स्कोप घेताना मीही मोठा आकडा पाहून २४ पटीचा घेतला आणि पहिल्या दिवसापासून तो पूर्ण २४ वर ठेवून नेम धरू लागले. कोंबडी मोठी दिसली, तिच्याभोवतीची माती दिसली, आणि क्रॉसहेअर (नेमाची फुली) मात्र त्या चित्रावर वादळातल्या होडीसारखा हेलकावताना दिसला. तो स्थिर होईल म्हणून मी थांबत राहिले. थांबल्याने हात थकले, हात थकल्याने हेलकावा वाढला, आणि वेळ संपत आला की क्रॉसहेअर आकृतीवरून जाताना मी ट्रिगर झटक्याने ओढू लागले. ही झटका देण्याची सवय मोडायला मला पुढे एक अख्खा हंगाम लागला, आणि ती तुला लागू नये ही माझी फार मनापासूनची इच्छा आहे.

हेलकावा स्कोपमुळे होत नाही, हे नीट समजून घे. १०० मीटरवर तुझी रायफल दहा सेंटीमीटर डोलत असेल, तर ६ पटीतही ती दहा सेंटीमीटरच डोलते आणि २४ पटीतही तेवढीच. फरक एवढाच की २४ पटीत ते डोलणे चौपट मोठे दिसते आणि नवख्या मनाला ते सहन होत नाही. मुरलेला नेमबाज त्या मोठ्या चित्रातून हेलकाव्याची लय वाचतो आणि क्रॉसहेअर आकृतीच्या मध्याकडे येत असतानाच ट्रिगर दाबून पुरा करतो. हे कसब पुढे तुलाही येईल, पण आज ८ ते १२ पटींमध्ये काम कर. म्हणूनच ठरावीक वर्धनाच्या स्कोपपेक्षा ६ ते १८ किंवा त्याच्या आसपास बदलता येणारा स्कोप तुझ्यासाठी मला योग्य वाटतो, कारण जसजशी तू स्थिरावशील तसतसे तुला वर्धन वाढवता येईल आणि नवा स्कोप घ्यावा लागणार नाही. जास्त वर्धनात चित्र काळवंडते हेही विसरू नकोस. वस्तुभिंगाच्या, म्हणजे स्कोपच्या पुढच्या भिंगाच्या, व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यापाशी पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास मिळतो. ४० मिलीमीटरचे भिंग १० पटीत ४ मिलीमीटरचा गोल देते आणि २० पटीत फक्त २ मिलीमीटरचा, आणि तो गोल जितका लहान तितके डोके अचूक जागी ठेवणे कठीण.

आता ज्या गोष्टीवर मी सर्वाधिक भर देते, त्या उंचीच्या टरेटकडे, म्हणजे नेम वर-खाली करणाऱ्या स्कोपवरच्या फिरत्या बटणाकडे, वळते. .२२ ची साधारण वेगाची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते आणि त्या मानाने ती फार लवकर खाली येते. रायफल ४० मीटरवर झीरो केली, म्हणजे त्या अंतरावर गोळी क्रॉसहेअरवरच लागेल अशी जुळवली, तर ढोबळ हिशेबाने ६० मीटरसाठी अडीच, ७७ साठी साडेपाच आणि १०० साठी साडेनऊ मिनिट ऑफ अँगल (अंशाचा साठावा भाग) वर जावे लागते. तुझ्या रायफलचे आणि काडतुसाचे खरे आकडे तुलाच गोळ्या झाडून काढावे लागतील, पण मापाची कल्पना यावरून येते. पाव मिनिटाच्या क्लिकने, म्हणजे टरेटच्या एकेका टप्प्याने, मोजले तर कोंबडीपासून मेंढ्यापर्यंत अडतीसएक क्लिक वर आणि पुन्हा तितकेच खाली, असा टरेटचा प्रवास प्रत्येक स्पर्धेत होणार. टरेटने या प्रवासात प्रत्येक वेळी खरे बोलले पाहिजे, आणि परत आल्यावर पहिल्याच जागी आले पाहिजे. ज्या स्कोपला हे जमत नाही, त्याची काच कितीही स्वच्छ असली तरी तो आपल्या कामाचा नाही, कारण चुकलेली गोळी तुझी की स्कोपची हे तुला कधीच कळणार नाही, आणि शिकणाऱ्याचे याहून मोठे नुकसान दुसरे नाही.

ही परीक्षा विकत घेण्याआधी पूर्ण करता येत नाही, पण घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात कर, म्हणजे बदलून घेण्याची मुदत हातात राहील. रायफल रिकामी असल्याची खात्री करून ती पक्क्या आधारात अडकव आणि बरोबर १०० मीटरवर ओळंब्याने आखलेल्या उभ्या रेषेचा कागद लाव. टरेट कोनाच्या दहा मिनिटांनी फिरवल्यावर क्रॉसहेअर त्या रेषेवरून २९.१ सेंटीमीटर सरकला पाहिजे, आणि रेषा सोडून बाजूला जाता कामा नये. त्यानंतर रेंजवर ४० मीटरवरून पाच गोळ्या झाड, टरेट मेंढ्याच्या खुणेपर्यंत नेऊन परत आण, आणि पुन्हा पाच झाड. असे चार-पाच वेळा करूनही सगळ्या गोळ्या एकाच झुबक्यात राहिल्या, तर स्कोप विश्वासाचा आहे. काडतुसे मात्र एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, वापर, नाहीतर दोष कुणाचा हे ठरवता येणार नाही.

टरेट हातानेच फिरवता येईल असा उघडा, आकडे स्पष्ट दिसणारा आणि प्रत्येक क्लिक बोटाला जाणवेल असा हवा. पाव मिनिटाचा क्लिक १०० मीटरवर सुमारे ७ मिलीमीटर सरकतो आणि तेवढी बारकाई आपल्याला पुरते. आठव्या हिश्श्याच्या क्लिकमध्ये मोजणी दुप्पट होते आणि घाईत चुका होतात. दशांश मिलिरेडियनचा (हे कोनाचेच दुसरे माप) स्कोप मिळाला तरी हरकत नाही, त्याचा एक क्लिक १०० मीटरवर बरोबर एक सेंटीमीटर असतो. आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात शोध: टरेटच्या एका पूर्ण फेऱ्यात किती मिनिटे आहेत? ती बारा किंवा पंधरा असतील, तर तुझी चारही अंतरे एकाच फेऱ्यात बसतात. फेरा कमी मिनिटांचा असेल, तर दुसऱ्या फेऱ्यात गेल्यावर टरेट झीरोवर दिसतो आणि असतो मात्र एक फेरा वर. मेंढे पाडून कोंबड्यांकडे येताना माझा टरेट असाच राहिला होता आणि पाचही गोळ्या आकृत्यांच्या वरून गेल्या. खाली ठरावीक जागी अडणारा झीरो स्टॉप असलेला टरेट मिळाला, तर या चुकीला जागाच राहत नाही.

तिसरी गोष्ट पॅरलॅक्सची. डोळा भिंगाच्या बरोबर मागे नसेल, तर क्रॉसहेअर आकृतीवर सरकलेला दिसतो, आणि हा दोष स्कोप ज्या अंतरासाठी जुळवला आहे तेवढ्याच अंतरावर नाहीसा होतो. मोठ्या रायफलींसाठीचे अनेक साधे स्कोप कारखान्यातूनच १०० यार्डांवर कायमचे जुळवलेले असतात. अशा ४० मिलीमीटर भिंगाच्या स्कोपमधून ४० मीटरवरची कोंबडी पाहिली आणि डोळा अगदी कडेला गेला, तर नेम सुमारे ११ मिलीमीटर चुकू शकतो. उंचीने जेमतेम सहा सेंटीमीटरच्या आकृतीत हे अकरा मिलीमीटर फार आहेत. रिमफायरचे म्हणून विकले जाणारे स्कोप बहुधा ५० यार्डांवर जुळवलेले असतात, ते कोंबडीला चालतात पण मेंढ्याला नाहीत. म्हणून पॅरलॅक्स हाताने जुळवता येईल असाच स्कोप घे, मग ते कडे वस्तुभिंगावर असो किंवा बाजूच्या बटणावर. त्यावरचे आकडे अंदाजाचे असतात. रायफल आधारावर ठेवून डोके किंचित वर-खाली केल्यावर क्रॉसहेअर सरकणार नाही अशी जागा प्रत्येक अंतरासाठी शोध आणि तिथे स्वतःच्या बारीक खुणा कर.

क्रॉसहेअर साधा आणि बारीक असावा. मध्यभागी छोटा ठिपका असेल तर उत्तम, पण खुणांची झाडे काढलेले रेटिकल (क्रॉसहेअरची आखणी) नको, कारण आपण उंची टरेटवर बदलतो आणि त्या खुणा नजरेला विनाकारण अडकवतात.

वजनाचा हिशेब अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या नियमांनुसार खेळणार असशील तर आत्ताच कर. त्या नियमांत सिल्हूट रायफलचे वजन स्कोप धरून ४.६ किलोच्या आत असावे लागते, आणि हंटर, म्हणजे शिकारी रायफलींच्या, वर्गाची मर्यादा त्याहून कमी आहे. तुझ्या पसंतीचा तो जाड नळीचा स्कोप तिन्हींमध्ये सर्वांत जड आहे. मर्यादेत बसला तरी ते वजन दिवसभर, गोळीमागून गोळी, तुझ्याच डाव्या हातावर येणार आहे.

स्कोप रायफलवर धरणाऱ्या रिंग घेताना दोन मापे जुळव. बऱ्याच .२२ रायफलींवर ११ मिलीमीटरची खाच असते, रुंद पट्टी नव्हे. आणि स्कोपची नळी एक इंची आहे की ३० मिलीमीटरची तेही पाहा. आपण ताठ उभे राहतो, त्यामुळे रिंग थोड्या उंच चालतात. स्कोप कुठे घट्ट करायचा हे बसून ठरवू नकोस: उभी राहा, डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, गाल सहज टेकव आणि मग डोळे उघड, चित्र पूर्ण गोल दिसत नसेल तर स्कोप पुढे-मागे कर, मान नाही. क्रॉसहेअरची उभी तार ओळंब्याशी जुळवून घे आणि नेम धरतानाही ती उभीच राहील याची सवय लाव, कारण रायफल पाच अंश कलली तरी १०० मीटरवर गोळी जवळजवळ पाच सेंटीमीटर बाजूला जाते.

आणि एक ताकीद, ती मी प्रत्येक वेळी देणार. रायफलवरच्या स्कोपमधून कधीही, कोणत्याही कारणाने, आकृतीशिवाय दुसरे काही पाहायचे नाही. गोळी कुठे लागली हे पाहायला शेजारी उभा असलेला मदतनीस आणि त्याची वेगळी दुर्बीण आहे.

पाठवलेल्या तीन पत्रकांपैकी दुसरे मी बाजूला काढले आहे: ६ ते १८ पट, पुढचे कडे फिरवून पॅरलॅक्स जुळवता येणारे, पाव मिनिटाचे उघडे टरेट. एका फेऱ्यात किती मिनिटे हे त्यात छापलेले नाही, तेवढे विक्रेत्याला विचार आणि उत्तर मला कळव. तोवर पैसे भरू नकोस.

तुझी,
आई