किल्ली कुणाच्या हातात

प्रिय बाय,

तुमच्या पॅरिश कौन्सिलमधल्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीतल्या, दोघांचे फोन येऊन गेले. तू काही बोलली नव्हतीस, पण वसईत बातमी पसरायला व्हॉट्सअ‍ॅपही लागत नाही. तुझ्या युवा मंडळाचं तू ठरवलंयस म्हणे: शनिवारी रात्री चर्चचा हॉल उघडा ठेवायचा, मैदानावर उनाडणाऱ्या पोरांना आत बोलवायचं, त्यातले आपले किती नि बाहेरचे किती ते बघायचं नाही. वर हॉलची किल्ली कुणाकडे, तर दहावीला दोनदा बसलेल्या आणि गुटख्याच्या पुड्यांसकट सापडलेल्या त्या पोराकडे! एकाने तर सरळ विचारलं, "मास्तर, तुमची पोरगी शुद्धीवर आहे ना?" मी म्हटलं, विचारून सांगतो.

विचारत बसत नाही. किल्लीच्या बाबतीत मी तुझ्या बाजूने आहे.

आपल्याकडे युवा मंडळ म्हणजे नाताळचा गोठा, क्रिकेटच्या मॅची, युवा रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, वाचन आणि वर्षाला एक पिकनिक. वाईट काहीच नाही, पण सगळं मोठ्यांनी ठरवलेलं. पोरांनी खुर्च्या मांडायच्या आणि आभारप्रदर्शनात आपलं नाव ऐकून खूश व्हायचं. दृढीकरणाचा संस्कार उरकला की हीच पोरं दिसेनाशी होतात आणि आपण खापर मोबाईलवर फोडतो. धर्मशिक्षणाच्या वर्गावर मी इतकी वर्षं शिकवलं. ज्या पोराला आपण कधी कसलीच जबाबदारी दिली नाही, ते नुसत्या प्रवचनाने थांबलेलं मला तरी आठवत नाही. किल्ली हरवेल, पंखे रात्रभर फिरत राहतील, कॅरमचा स्ट्रायकर गायब होईल. होऊ दे. पुढच्या मीटिंगमध्ये तुला चार शब्द ऐकून घ्यावे लागतील, तेही ऐक.

संत डॉन बॉस्कोचा फोटो तुमच्या हॉलमध्ये असेलच, हसऱ्या पोरांच्या गराड्यातला. तो बघून वाटतं, सगळं किती गोड चाललं होतं! १८४० च्या दशकात तुरीन शहरात हा तरुण धर्मगुरू तुरुंगातून सुटलेली, गवंड्यांच्या हाताखाली राबणारी पोरं दर रविवारी गोळा करायचा. गोंगाट होतो म्हणून त्यांना एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हाकललं जाई. एवढी टारगट पोरं एका माणसामागे का जमतात म्हणून पोलिसांचीही पाळत होती. १८४६ च्या ईस्टरला तुरीनच्याच वाल्दोक्को भागात एक बुटकी शेड भाड्याने मिळाली, तेव्हा कुठे पाय टेकायला जागा झाली. त्याच्याच बिरादरीतल्या दोघा धर्मगुरूंना वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. वेड्यांच्या इस्पितळात न्यायला ते बग्गी घेऊन आले. त्याने आदबीने दोघांना आधी आत बसवलं, दार लावून घेतलं आणि गाडीवानाला म्हणाला, हाक इस्पितळाकडे! ही गोष्ट कौन्सिलमध्ये सांगू नकोस. त्यांना उगाच स्वतःवर घेतल्यासारखं वाटेल.

त्याच माणसाची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १८५४ साली तुरीनमध्ये कॉलरा पसरला. आजारी माणसांना हात लावायला घरचे लोक तयार नव्हते. डॉन बॉस्कोने आपल्या पोरांना विचारलं, सक्ती केली नाही. चाळीसच्या वर पोरं पुढे आली. त्याने प्रत्येकाला व्हिनेगर दिलं आणि बजावलं, रोग्याला हात लावला की आधी हात धुवायचे. मोठं काम अंगावर घ्यायचं आणि व्हिनेगरची बाटलीही विसरायची नाही, ही दोन्ही कामं एकाच माणसाची. आपल्याकडे मात्र एक गट नुसता भितो आणि दुसरा नुसताच उडी मारतो.

तू म्हणशील, इटलीच्या गोष्टी कशाला. मग इथली घे. १९८८-८९ च्या सुमारास हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो. बिल्डर वाड्या गिळत होते, टँकर विहिरी उपसत होते, वरचं पाणी खारं होत चाललं होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे झाले. त्यांना धमक्या आल्या, आणि आपल्यातलीच माणसं म्हणत होती, फादरने मिस्सा करावी, या भानगडीत पडू नये. तुझा आजा मला म्हणायचा, "मोर्चात दिसलास तर नोकरी कोण देईल?" त्याची भीती खोटी नव्हती. आमच्या घरी पानवेल आणि थोड्या केळी, एवढ्यावर सगळं चालायचं. तरी गेलो. फादर वाडी नि पाण्याबद्दल बोलत होते, म्हणजे आमच्या घराबद्दलच. चर्चला आपल्या जगण्याशी काही देणंघेणं आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. मी पुढे धर्मशिक्षण शिकवायला लागलो त्याचं मूळ कुठल्या शिबिरात नाही, त्या मोर्चात आहे.

पोप फ्रान्सिस २०१३ साली रिओमध्ये अर्जेंटिनाच्या तरुणांना म्हणाले होते, आपापल्या धर्मप्रांतात जाऊन गोंधळ घाला. आपल्याकडे हे वाक्य कौतुकाने सांगतात. पोरांनी खरंच गोंधळ घातला की मात्र मीटिंग बोलावतात.

आता कौन्सिलचं कुठे बरोबर आहे तेही ऐक, कारण इथे मी तुझ्या बाजूने नाही. आपली इज्जत पणाला लावायची तर खुशाल लाव. पोरांची सुरक्षितता मात्र तुझी नाही. हॉल उघडा असेल तेव्हा दोन मोठी माणसं हजर पाहिजेत, त्यातली एक बाई. कोणताही मोठा माणूस, मग तो फादर असो की तू, एकट्या मुलाला घेऊन बंद खोलीत बसणार नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, तो वाच, मंडळातल्या मोठ्या पोरांनाही समजावून सांग. बाहेरची पोरं येतात त्यांच्या घरी स्वतः जा. आईला सांग की तुमचा मुलगा आमच्याकडे कॅरम नि फुटबॉल खेळायला येतो, आम्ही प्रार्थना करतो तेव्हा त्याने बसायलाच हवं असं नाही. हे आत्ता तोंडाने सांगितलंस तर उद्या कुणी काही उठवलं तरी तीच आई तुझ्या बाजूने बोलेल. लपवलंस तर मात्र मीही तुला वाचवू शकणार नाही.

आणि जुलैच्या शिबिराचं. चिंचोटीला नेणार असं कळलं. नेऊ नकोस. तिथल्या धबधब्यावर पावसाळ्यात बंदी घालतात ती उगाच नाही. कळंबच्या समुद्रावरही पाण्यात उतरणं नको. पोरांना थ्रिल हवं असेल तर एक दिवस नालासोपाऱ्यातल्या चाळींत घरोघर पाठव, म्हातारी माणसं काय सांगतात ते ऐकून येऊ देत. अनोळखी दार वाजवायला किती धीर लागतो ते कळेल. अठराच्या आतल्या प्रत्येकाच्या आईबापाची सही हवी, फोनवरची परवानगी चालणार नाही.

त्या पोराला हॉलची एक वही पण दे. किती वाजता उघडला, कोण आलं, कधी बंद केला, हे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहावं. त्याचं अक्षर चांगलं आहे, माझ्या वर्गात होता. शिबिराला टेम्पो करू नका, एसटीची नाहीतर खासगी बस ठरवा. पैसे कमी पडले तर मला सांग, कौन्सिलकडे मागत बसू नकोस. आय विचारतेय, रविवारी जेवायला येणार की नाही.

तुझा,
बाबा