ताई, त्या एका अनेकवचनाबद्दल आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम उघड लिहितो आहोत, कारण ज्या कामाबद्दल आभार मानायचे आहेत ते काम कुणाच्या नजरेस पडत नाही. तंबाखूच्या पुडीवरचे सडलेल्या तोंडाचे चित्र सगळ्यांना दिसते. ते चित्र केवढे असावे हे ज्या वाक्याने ठरते ते वाक्य फार थोड्यांनी वाचलेले असते, आणि त्या वाक्यातला एकेक शब्द धरून ठेवणारा तुमच्यासारखा वकील तर कुणालाच ठाऊक नसतो. महाराष्ट्रात तंबाखू नियंत्रणाचे काम करणारे आम्ही वकील, दंतवैद्य आणि जिल्हा सल्लागार जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा आराखडा करार वाचायला शिकलो ते तुमच्या टिपणांवरून. ते ऋण मोठे आहे.

हा करार २१ मे २००३ रोजी जिनिव्हात संघटनेच्या जागतिक आरोग्य सभेने स्वीकारला. संघटनेच्या घटनेतल्या कलम १९ने तिला करार करण्याचा अधिकार स्थापनेपासून दिला होता, पण तो पहिल्यांदा वापरला गेला तो या वेळी. चाळिसाव्या देशाचे अनुसमर्थन, म्हणजे रीतसर मान्यता, आल्यावर नव्वदाव्या दिवशी, २७ फेब्रुवारी २००५ रोजी, तो अंमलात आला. भारताने ५ फेब्रुवारी २००४ रोजीच अनुसमर्थन दिले होते. कलम ३०नुसार या करारावर राखीव अटी घालता येत नाहीत. 'बाकी सगळे मान्य, एवढे कलम आमच्यापुरते सोडा' म्हणायची सोय नाही. म्हणूनच वाटाघाटीत सगळी ओढाताण क्रियापदांवर होते, हे तुम्ही आम्हांला पहिल्यांदा दाखवलेत.

कलम ११मधला तो उपखंड आज आम्हांला पाठ आहे. इशाऱ्याने मुख्य दर्शनी क्षेत्रांचा, म्हणजे पुडीच्या मुख्य बाजूंचा, ५० टक्के किंवा अधिक भाग व्यापायला हवा, पण ३० टक्क्यांहून कमी तो असणार नाही. आणि लगेच पुढच्या उपखंडात, तो चित्रांच्या रूपात असू शकेल. दोन ओळींत तीन क्रियापदे. ५० टक्क्यांना 'शुड', ३० टक्क्यांना 'शॅल', चित्राला 'मे'. म्हणजे बंधन फक्त तिसाचे. पन्नास ही अपेक्षा आणि चित्र ही मुभा. मराठीत आणताना इथेच घसरायला होते. आपल्या अधिनियमांच्या भाषेत 'शॅल' म्हणजे 'करील', 'असेल'. वाचणाऱ्याला तो साधा भविष्यकाळ वाटतो. त्याउलट 'असावा' हे रूप कानाला हुकमासारखे लागते, पण करारात ते कमजोर आहे. तुम्ही सुचवलेली युक्ती आम्ही अजून वापरतो: प्रत्येक क्रियापदाखाली रंगीत रेघ, बंधनाला लाल, अपेक्षेला निळी, मुभेला हिरवी. तीन रंगांत पान पाहिले की कुठे सरकारला धरता येईल आणि कुठे फक्त विनंती करता येईल, ते मिनिटभरात कळते.

चौथा रंग नंतर लागला. कलम १६ सुट्या सिगारेटींबद्दल म्हणते की प्रत्येक देश त्यांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा प्रयत्न करील. 'करील' आहे, पण करायचा आहे तो प्रयत्न. प्रयत्न केला असे दाखवले की बंधन पाळले गेले. अशा अर्ध्या बंधनाला पूर्ण करायचे काम देशातल्या कायद्याचे असते. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्या विकायला बंदी केली, तेव्हा कारण तेच होते: टपरीवर एक सिगारेट काढून दिली की पाकिटावरचा इशारा गिऱ्हाइकाच्या हाती जातच नाही. कलम ११ आणि कलम १६ एकमेकांना जोडून वाचायची सवय तुमचीच.

आता ते अनेकवचन. मूळ मजकुरात 'मुख्य दर्शनी क्षेत्रे' आहे, 'क्षेत्र' नव्हे. एका मात्रेचा फरक, पण त्यामुळे टक्केवारी सगळ्या मुख्य बाजू मिळून मोजावी लागते. ३१ मे २००९ पासून भारतात सचित्र इशारे लागू झाले ते ४० टक्क्यांचे, पण फक्त समोरच्या बाजूला. चाळीस म्हणजे तिसाहून जास्त, मग अडचण काय, असे तेव्हा जाणत्या लोकांनीही विचारले. तुमच्या टिपणातले गणित इथे जसेच्या तसे देतो. आठ सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच पुडी घ्या. एक बाजू ८० चौरस सेंटिमीटर, दोन्ही मिळून १६०. समोरच्या बाजूचे ४० टक्के म्हणजे ३२. एकशे साठातले बत्तीस म्हणजे २० टक्के. कराराच्या किमान मर्यादेला, म्हणजे ४८ला, पोचायला अजून १६ चौरस सेंटिमीटर हवे होते. इशारा मोठा दिसत होता, आणि तरी तो कमी पडत होता.

१ एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंना ८५ टक्के झाले: ६० टक्के चित्र, २५ टक्के मजकूर. त्याच पुडीवर आता १३६ चौरस सेंटिमीटर, त्यातले ९६ चित्राचे. हे आकडे करारातून थेट येत नाहीत. कराराने घातला आहे तो तळ, छत नव्हे. कलम २ देशांना त्याच्या पुढे जायला प्रोत्साहनच देते. कंपन्यांचे वकील नेमके उलटे मांडतात, 'करार ५० म्हणतो, तुम्ही ८५ कुठून आणलेत?' अशा वेळी कलम २ आणि २००८ साली करारातल्या देशांच्या डर्बन परिषदेत ठरलेली मार्गदर्शक तत्त्वे शेजारी ठेवावी लागतात. त्या तत्त्वांत पुढची-मागची दोन्ही बाजू तर आहेच, शिवाय दोनाहून अधिक मुख्य पृष्ठे असतील तर सगळ्यांवर इशारा हवा, असेही आहे. विडीच्या निमुळत्या बंडलाला 'पुढची बाजू' कोणती, हा वाद घालणाऱ्यांना ते उत्तर पुरते.

ताई, व्याख्येच्या कलमाबद्दलही लिहिलेच पाहिजे. कलम १मध्ये तंबाखूजन्य पदार्थ म्हणजे ओढण्यासाठी, चोखण्यासाठी, चघळण्यासाठी किंवा हुंगण्यासाठी तयार केलेले पदार्थ, अशी चार क्रियापदे आहेत. जगातल्या बहुतेकांना सिगारेट तेवढी डोळ्यांपुढे असते. आपल्याकडे विडी, तंबाखू-चुना, गुटखा, तपकीर आहे, घराघरांत बायकांची मिश्री आहे आणि विदर्भात तंबाखू-सुपारीचा खर्रा आहे. ही चार क्रियापदे नसती तर करार आपल्या निम्म्या आजाराला स्पर्शही करू शकला नसता. मिश्री हिरड्यांना घासली जाते. ती चोखणे की चघळणे, असा प्रश्न निघतो. आपल्या २००३च्या तंबाखू अधिनियमाच्या अनुसूचीत 'तंबाखूयुक्त दंतमंजन' वेगळे लिहिले आहे, म्हणून तो प्रश्न इथे तरी मिटतो. खर्रा जास्त अवघड. तो टपरीवर समोरच घोटून साध्या प्लॅस्टिकात बांधून देतात. छापील पाकीटच नाही, मग इशारा कुठे छापणार? तुमचे उत्तर होते: अधिनियमातली 'पॅकेज'ची व्याख्या वाचा, तिच्यात वेष्टनही येते. विनाइशारा वेष्टनात दिला तर ती विक्रीच बेकायदा. अधिनियमाच्या कलम ७च्या तपासणीत हा मुद्दा न मांडल्यामुळे खर्रा सुटून जातो.

अधिकार कुठल्या कलमातून घेतला हे आधी पाहा, हा तुमचा दुसरा आग्रह. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती ती अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियमाखाली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही, कारण वापरलेल्या तरतुदीत एवढा अधिकारच नव्हता. हेतू शुद्ध होता, दार चुकले. २० जुलै २०१२ची बंदी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६च्या कलम ३०खाली आली, आणि तिला अन्नात तंबाखू-निकोटिन घालायला मनाई करणाऱ्या २०११च्या विनियमाचा आधार होता. तो आदेश एका वेळी फार तर वर्षभर टिकतो, म्हणून दरवर्षी नवा काढावा लागतो. तारीख चुकली की मधल्या दिवसांतल्या जप्त्या कोर्टात उलटतात.

करार आणि देशी कायदा यांचा सांधाही असाच नाजूक. भारतात करार आपोआप कायदा होत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ने संसदेला करार अंमलात आणण्यासाठी कायदा करता येतो, सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत असले तरीही. पण आपला तंबाखू अधिनियम करार होण्याच्या तीन दिवस आधी, १८ मे २००३ रोजी, राष्ट्रपतींच्या संमतीने झाला. त्याच्या उद्देशिकेत १९८६ आणि १९९०च्या आरोग्य सभेच्या ठरावांचा उल्लेख आहे, कराराचा नाही. त्यामुळे 'हा नियम करारासाठी आहे' एवढे म्हणून भागत नाही. नियमाच्या टिपणीतच कराराचे कलम, मार्गदर्शक तत्त्वाचा परिच्छेद आणि वैद्यकीय कारण, तिन्ही नोंदवावे लागते. ते पुढे कामाला येते. ८५ टक्क्यांचा नियम डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केला आणि ८ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्या तीन-चार आठवड्यांत जुनी टिपणी कपाटातून काढून वाचण्याची वेळ आली, आणि जिथे कारणे नीट लिहिलेली होती तिथेच युक्तिवाद उभा राहिला.

उरुग्वेचे प्रकरण तुम्ही किती बारकाईने समजावलेत! फिलिप मॉरिसने २०१० मध्ये त्या चिमुकल्या देशाला गुंतवणूक लवादात, म्हणजे परदेशी गुंतवणुकीचे वाद सोडवणाऱ्या लवादात, ओढले. पाकिटावर ८० टक्के इशारा आणि एका ब्रँडचा एकच प्रकार, या दोन नियमांवरून. ८ जुलै २०१६ रोजी सगळे दावे फेटाळले गेले आणि उरुग्वेच्या खर्चापोटी कंपनीला ७० लाख डॉलर द्यावे लागले. त्या निकालातून आमच्यासारख्यांच्या कामाची गोष्ट एकच: जागतिक पुरावा करारात आधीच गोळा झालेला असताना प्रत्येक छोट्या देशाने स्वतःचा वेगळा अभ्यास करायलाच हवा असे नाही, हे लवादाने मान्य केले. गरीब देशांच्या आरोग्य खात्यांना याहून मोठा आधार क्वचितच मिळाला असेल. त्या कामात खपलेल्या साऱ्या वकिलांचे या पत्रातून आभार.

कराराच्या कलम ५.३बद्दल थोडक्यात. उद्योगाच्या हितसंबंधांपासून धोरण वाचवा, असे ते म्हणते, आणि वाक्याच्या शेवटी 'देशाच्या कायद्यानुसार' अशी शेपटी आहे. ती शेपटी दाखवून कुणी कलमच गुंडाळून ठेवू नये, म्हणून तुम्ही दिलेली तीन वाक्ये जिल्हा समित्यांत वापरतो: भेट गरजेपुरतीच, भेटीचे इतिवृत्त लेखी, आणि उद्योगाकडून देणगी किंवा प्रायोजकत्व घ्यायचे नाही. शाळेच्या क्रीडा महोत्सवाचा फलकसुद्धा यात येतो.

मे २०२५ मध्ये महासाथीच्या कराराला संघटनेच्या घटनेतल्या त्याच कलम १९ने मान्यता मिळाली. आता तिथेही क्रियापदांची ओढाताण सुरू होईल आणि तुमच्यासारखे लोक रात्री उशिरापर्यंत चौकटी कंसांतला, म्हणजे अजून न ठरलेला, मजकूर सोडवत बसतील. तब्येत सांभाळा.

सोबत कलम ११चा मराठी मसुदा जोडला आहे. 'मुख्य दर्शनी क्षेत्रे' अनेकवचनीच ठेवले आहे, आणि 'असेल' खाली लाल रेघ आहे. खर्ऱ्यासाठीची टीप चौथ्या पानावर आहे. तिथे 'वेष्टन' हा शब्द पुरेसा वाटतो का, तेवढे पाहून कळवाल का?

आपले,
महाराष्ट्रातले सहकारी