पाळीवर उभ्या राहणाऱ्या पायांसाठी: तालमीचं मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी बसवला. तेव्हापासून आपल्या घराघरांत कुणी ना कुणी मागावर उभं आहे. बारा तासांची पाळी म्हणजे काय, हे इथं कुणाला सांगायला नको. धागा तुटला की वाकून जोडायचा, कांडी संपली की धोट्यात दुसरी घालायची, पुन्हा पुढच्या मागाकडं. बसायला मिळतं ते जेवणाच्या डब्यापुरतं.

आमच्या मागच्या गल्लीत एक काका राहतात. उभा जन्म मागावर गेला. डाव्या पायाच्या घोट्यावर आतल्या बाजूला कातडी काळी पडली होती, खाजत होती. गजकर्ण समजून ते वर्षभर मलम चोळत होते. मग तिथं जखम झाली, ती भरेना. गेल्या पावसाळ्यात तालमीतली पोरं त्यांच्याकडं गेली, तेव्हा पायाला कारखान्यातली चिंधी बांधलेली होती आणि ती जखमेला चिकटली होती. कोमट पाण्यानं भिजवून, अर्धा तास घालवून ती सोडवली. काका हूं का चूं न करता बसून होते. नंतर एवढंच म्हणाले, "पायाच्या शिरा फुगल्यात हे दिसत होतं रे, पण त्याचं काय एवढं, असं वाटलं."

हे आवाहन त्या वाक्यापायी आहे. जखम व्हायच्या आधीच पायाच्या शिरा तपासता याव्यात म्हणून तालमीला दोन यंत्रं घ्यायची आहेत, त्यासाठी ही मदत. पायातलं रक्त वर हृदयाकडं ढकलायचं काम पोटरीचा स्नायू करतो, आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये बारीक झडपा असतात. तासन् तास उभं राहिलं की पोटरीचा पंप नीट चालत नाही, शिरा ताणतात, झडपा मिटेनाशा होतात आणि रक्त खाली साचत जातं. पाय जड होणं, संध्याकाळी सूज, रात्री पोटरीत गोळे, मग घोट्याजवळ काळेपणा आणि शेवटी जखम. आपण जागे होतो ते जखमेला.

कातडीखालच्या शिरा दाखवणारं एक यंत्र मिळतं. त्यातून निघणारा उजेड जवळच्या अवरक्त पट्ट्यातला, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा असतो. टीव्हीच्या रिमोटमध्ये तोच असतो. रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बऱ्याच मोबाईलवर जांभळट ठिपका दिसेल. हा उजेड कातडीतून आत शिरतो. शिरेतलं रक्त तो शोषून घेतं, भोवतालची चरबी तो परत फेकते. यंत्रातला कॅमेरा हा फरक टिपतो आणि शिरांचा नकाशा तिथल्या तिथं पायावरच उमटवतो. सुई नाही, औषध नाही, एक्स-रे नाही. आम्ही एका डॉक्टरांकडं हे पाहिलं. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या पोटरीवर हिरव्या उजेडात काळ्या रेषांचं जाळं उमटलं. ज्याचा पाय होता तो गडी वाकून बघतच राहिला. शंभर वेळा सांगून जे पटलं नसतं, ते त्याला तेव्हा पटलं.

मात्र यंत्राला नसलेले गुण चिकटवून आम्ही पैसे मागणार नाही. ते जेमतेम सेंटीमीटरभर खोलीपर्यंतच दाखवतं. खोलवरच्या शिरा त्याला दिसत नाहीत, झडप गळते की नाही हेही कळत नाही. त्यासाठी पेन्सिलीएवढा हातातला डॉप्लर लागतो: पोटरी दाबून सोडली आणि रक्त उलटं आलं, तर त्याचा आवाज ऐकू येतो. शंका आली तर सोनोग्राफी सेंटरमध्ये कलर डॉप्लर करावाच लागतो. म्हणून दोन्ही यंत्रं एकदमच घ्यायची, नाहीतर घ्यायचीच नाहीत, असं आमचं ठरलं आहे.

खर्चाचा अंदाज असा: शिरा दाखवणारं यंत्र 70,000 रुपये, डॉप्लर 20,000, आणि ज्यांची ऐपत नाही त्यांच्यासाठी दाबाचे मोजे (पाय आवळून धरून रक्त वर जायला मदत करणारे) 60,000. यंदा गणपतीत तालमीनं डॉल्बी लावला नाही, त्यातून 38,000 बाजूला आहेत. 1,12,000 रुपये कमी पडतात. शंभर रुपयेही चालतील, पावती प्रत्येकाला मिळेल, आणि जमाखर्च तालमीच्या फळ्यावर लागेल.

मोजे मात्र कुणी परस्पर आणून देऊ नयेत. पायाच्या धमन्यांत रक्त कमी येत असेल तर तेच मोजे अपाय करतात. डॉक्टर तपासतील, माप घेतील, मगच द्यायचे.

पैशाशिवायही मदत लागणार आहे. तपासताना माणूस उभा असावा लागतो, कारण तेव्हाच शिरा भरतात. त्यासाठी कुणा सुताराकडून कठडा असलेली मजबूत चौरंगासारखी पायरी हवी. उन्हात अवरक्त उजेड भरपूर असतो, त्यानं चित्र पुसट होतं, म्हणून खिडक्यांना जाड पडदे हवेत. बायकांच्या तपासणीसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ वेगळी ठेवणार आहोत. तिथं थांबायला नर्सताई किंवा आशाताई पुढं आल्या तर फार बरं होईल. कारखानदारांना विनंती एकच: तपासणीच्या दिवशी कामगाराचा खाडा लावू नका, तासाभराची सवड द्या.

आणि यंत्र येईपर्यंत हे घरी सांगून ठेवा. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागलं तर माणसाला उभं ठेवू नका. आडवं करा, पाय छातीपेक्षा उंच धरा, स्वच्छ कापडानं जागेवर घट्ट दाबून ठेवा आणि दवाखान्यात न्या.

देणगी आणि नावनोंदणीसाठी तालमीत रोज संध्याकाळी 7 ते 9 कार्यकर्ते बसतील. भाऊबीज झाली की, कारखाने पुन्हा सुरू व्हायच्या आत, पहिली तपासणी घ्यायची आहे. पहिलं नाव काकांचं लिहिलं आहे, उजव्या पायासाठी.