‘आज डोकं माझं बघायचं’: हिशेब विभागातल्या काकांना अनावृत पत्र

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही “असू दे, असू दे” म्हणत फायलीत डोकं घालाल, म्हणून लिहिते. आणि चारचौघांत लिहिते, कारण त्यातल्या काहींना जरा झोंबलं तरी माझी हरकत नाही.

तुमचे केस म्हणजे ऑफिसातला कौतुकाचा विषय. निवृत्तीला आलेला माणूस, पण केस दाट आणि भांग सरळ रेषेत. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कंगवा, आणि लिफ्टच्या आरशासमोर तो एकदा फिरल्याशिवाय तुमचा दिवस सुरू व्हायचा नाही. असे तुम्ही सगळ्यांसमोर डोकं भादरून घेणार आणि त्या निमित्ताने कॅन्सरच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला पैसे जमवणार, हे कानावर आलं तेव्हा खरं सांगते, मला आनंद झाला नाही. धास्ती वाटली.

कारण मला कॅन्सर झाल्यावर माझ्या नावाने आधी एकदा वर्गणी काढून झाली होती. सलाइन लावलेला, तोंड सुजलेला माझा फोटो, आणि खाली ‘आपल्या भगिनीला मदतीचा हात’. फोटो कुणी काढला ते आजवर कळलेलं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं. उपचारांचा खर्च विम्यातून होत होता. पैसे परत करा म्हटलं तर पुढाकार घेणारेच रुसून बसले. त्यानंतर मी कुठे हसताना दिसले की लोक असं बघायचे, जणू मी त्यांना गंडवलंय. ‘काही लागलं तर हक्काने सांग’वाल्यांबद्दल काय बोलावं! हक्काने सांगितलं, तर फोन लागेनासे झाले. आणखी एक तऱ्हा पाहिली. काही उत्साही मंडळींनी ‘तुझ्यासोबत आहोत’ म्हणून टक्कल केलं, फोटो टाकले, त्यावर बदाम गोळा केले. पैसा? एक रुपयाही कुठे गेला नाही.

तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात ते खुर्ची ओढून बसलात आणि आवाज खाली ठेवून म्हणालात, “तुझं नाव, फोटो कुठेही येणार नाही. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातील. तू आलीस तर आनंद, नाही आलीस तर राग नाही.” मग तुमच्यातला हिशेबनीस जागा झाला. २००० साली न्यूयॉर्कमध्ये विमा व्यवसायातल्या मित्रांनी १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, १७ डोकी भादरून १७ हजार डॉलर जमवायचं ठरवलं. लहान मुलांच्या कॅन्सरसाठी. जमले १ लाख ४ हजारांच्या वर. त्यातूनच पुढे ‘सेंट बाल्ड्रिक्स’ ही संस्था उभी राहिली. हे सांगून म्हणालात, “अंदाजपत्रक चुकावं तर असं.” कित्येक दिवसांनी मी ऑफिसात मोठ्याने हसले.

कार्यक्रम कसा झाला, किती जमले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला एवढंच लिहायचंय.

तुमचं अर्धं डोकं उतरलं होतं. एका बाजूला तो ऐटदार भांग, दुसऱ्या बाजूला पांढुरकी कातडी. मी मागच्या रांगेत, टोपी कानांपर्यंत ओढून. तेवढ्यात कुणीतरी मोबाइल वर धरून ओरडलं, “मॅडमना पुढे घ्या! टोपी काढून दोघांचा एक फोटो होऊ दे, चांगला खपेल.” माना वळल्या. टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या वाजत असताना नाही म्हणणं किती अवघड असतं, ते त्या जागी उभं राहिल्याशिवाय समजत नाही.

तुम्ही मशीनवाल्या मुलाचा हात धरून थांबवलात. तसेच अर्धवट भादरलेले उठून उभे राहिलात आणि म्हणालात, “आज डोकं माझं बघायचं. पैसे माझ्या डोक्याचे घेतलेत.” हशा पिकला, माना परत तुमच्याकडे वळल्या आणि तुम्ही खाली बसलात. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. बघितलं असतंत तर सगळ्यांनीच पुन्हा बघितलं असतं. एवढं भान त्या क्षणी कुठून आणलंत?

नंतर कुणीतरी तुमच्या त्यागावर बोलायला लागलं तेव्हाही तुम्ही त्याला तोडलंत. “त्याग कसला? मी केस विकले, तुम्ही विकत घेतलेत.” हे ऐकून फार बरं वाटलं, कारण फरक मला माहीत आहे. केमोची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. केसांची मुळं त्यात आलीच. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस मुठीत यायला लागतात. पुढे भुवया जातात, पापण्या जातात. पापण्या नसल्या की साध्या वाऱ्याने डोळे भरून येतात आणि समोरच्याला वाटतं, बाई रडतेय. तुमचे केस त्याच रात्री पुन्हा वाढायला लागले, महिन्याला साधारण १ सेंटीमीटर. हा फरक तुम्ही लपवला नाहीत आणि माझ्याइतकं सोसल्याचा आवही आणला नाहीत.

मोठ्या मनाची माणसं मला या आजारपणात बरीच भेटली, काहींनी तर मोठेपणाच्या पावत्याही ठेवल्यात. समोरचा अवघडलाय हे ओळखून गुपचूप मध्ये उभा राहणारा माणूस मात्र विरळा. असे लोक ऑफिसात, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही असतात. भाषणं करत नाहीत म्हणून दिसत नाहीत.

आता एक तक्रार. वर्गणीच्या यादीत सगळ्या विभागांची नावं आहेत, माझं नाही. तुम्ही मुद्दामच मागितली नाहीत, कळलं मला. पण मी पगार घेते, कामावर येते, आणि त्या संस्थेचं काम मी तुमच्यापेक्षा जवळून पाहिलंय. सोमवारी पाकीट घेऊन येते. ‘तू कशाला’ म्हणायचं नाही. नाव पूर्ण लिहा, आडनावासकट, आणि पावती फाडा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची टोपीवाली